डबे आले, बाळांपर्यंत पोहोचले नाहीत : हाँगकाँगच्या शिशुआहार पुरवठ्याचा प्रकरण अभ्यास

२०१३च्या जानेवारीत व्हाइट हाऊसच्या संकेतस्थळावर एक जाहीर अर्ज दाखल झाला. अर्जदार हाँगकाँगचे. म्हणणं असं की हाँगकाँगमध्ये बाळांची उपासमार सुरू आहे, आंतरराष्ट्रीय मदत पाठवा. अर्जाचा सूर नाटकी होता आणि सह्या करणाऱ्यांनाही ते कळत असणार. तक्रार मात्र खरी होती. चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला येऊन ठेपलं होतं आणि चीनच्या मुख्य भूमीच्या सीमेजवळच्या शेउंग शुईसारख्या भागात लोकप्रिय ब्रँडच्या दुधाच्या पावडरचे डबे फळीवर टिकत नव्हते. आईबाप एका औषधाच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत होते.

आता हीच परिस्थिती आकड्यांत पाहा. हाँगकाँग हे मुक्त बंदर. दुधाच्या पावडरवर आयात शुल्क नाही, कोटा नाही. शहरात त्या पावडरचं म्हणावं असं उत्पादन नाही, जे येतं ते नेदरलँड्स, न्यूझीलंड, आयर्लंड, जपान अशा देशांतून बोटीने येतं. आणि ती आयात आधीच्या काही वर्षांत सतत वाढत होती. म्हणजे पुरवठ्याचा आलेख वर चाललेला आणि दुकानातली फळी रिकामी. शिशुआहाराची राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षांची जोडून वाचणाऱ्याला याहून चांगलं प्रकरण सापडणार नाही, कारण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक दोष इथे एकाच शहरात दिसतो.

आकडा बनतो कसा

देशोदेशीचा अन्नपुरवठा तुलनेसाठी एका जागी मिळतो तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या अन्न ताळेबंदांत. ही मालिका १९६१पासून आहे. गहू, तांदूळ, साखर, दूध यांच्या शेकडो ओळींमध्ये शेवटाकडे, किरकोळ पदार्थांच्या गटात, ‘शिशुआहार’ अशीही एक ओळ असते. हिशेबाची रीत सगळ्यांना एकच: उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, त्यात साठ्यातला फरक. यातून पशुखाद्य, बियाणं, नासाडी, प्रक्रियेसाठी गेलेला माल वजा केला की उरतं ते ‘अन्न’. त्याला देशाच्या लोकसंख्येने भागलं की दरडोई किलो.

गव्हासाठी ही रीत ठीक चालते. शिशुआहाराला ती तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण भागाकाराची. गहू सगळेच खातात, म्हणून सगळ्या लोकसंख्येने भागायला हरकत नाही. बेबी फूड खाणारे लोकसंख्येच्या तीन-चार टक्के. त्यांच्या ताटातलं अन्न आजी-आजोबांसकट सगळ्या शहरात वाटून टाकल्यावर जो आकडा येतो तो ना बाळाबद्दल काही सांगतो, ना शहराबद्दल. जन्मदर बदलला तरी हा आकडा हलतो आणि वाचणाऱ्याला वाटतं खाण्याची पद्धत बदलली.

दुसरी अडचण ओळीत काय धरलंय याची. सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात १९०१.१० या क्रमांकाखाली शिशूंसाठी आणि लहान मुलांसाठी किरकोळ विक्रीच्या पॅकिंगमधले पदार्थ येतात. त्यात जन्मापासून द्यायचा फॉर्म्युलाही, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायची पावडरही आहे आणि सहा महिन्यांनंतर भरवायची धान्याची पेजही. उलट भाज्यांची, फळांची, मांसाची बाटलीबंद पेस्ट निराळ्या प्रकरणांत, निराळ्या क्रमांकांखाली जाते. आणि आईचं दूध तर कुठल्याच क्रमांकात बसत नाही. बहुतेक देशांच्या अन्नपुरवठ्यात त्याला शून्य किंमत आहे. नॉर्वेसारखा एखादाच देश, ज्याने आपल्या अन्न आकडेवारीत आईच्या दुधाचा अंदाज धरला. या हिशेबानं एखाद्या देशात स्तनपान निम्मं झालं आणि डबे दुप्पट झाले, तर पुरवठा ‘सुधारला’ असं दिसेल. मला ही ओळ बाळांच्या पोषणाचा निर्देशक म्हणून वापरणाऱ्यांचं नवल वाटतं ते यामुळेच.

तिसरी अडचण हाँगकाँगच्या प्रकरणाचा गाभा आहे. जिथे स्थानिक उत्पादन नाही आणि माल जनावरांना वा बियाण्याला जात नाही, तिथे ताळेबंदात ‘अन्न’ म्हणजे व्यवहारात आयात वजा निर्यात. दोन्ही बाजूंची नोंद चोख असेल तर उत्तर चोख. एक बाजू गळकी असेल तर गळालेलं सगळं आपोआप ‘खाल्लं’ या खात्यात जमा होतं.

डबे सीमेपलीकडे का निघाले

२००४ मध्ये चीनच्या अन्हुई प्रांतातल्या फूयांगमध्ये जवळपास पोषणमूल्य नसलेली बनावट पावडर विकली गेली आणि त्यात बाळं दगावली. त्यानंतर सप्टेंबर २००८ मध्ये सानलूचं प्रकरण बाहेर आलं. हेबेई प्रांतातल्या शिज्याच्वांगची ही दूध कंपनी, तिच्यात न्यूझीलंडच्या फाँटेरा या दूध कंपनीचा ४३ टक्के हिस्सा. दुधात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन सापडलं. चीनच्या आरोग्य मंत्रालयाच्या हिशेबाने बाधित मुलं २ लाख ९४ हजार, मृत्यू ६. प्रकरण एकट्या सानलूवर थांबलं नाही, तपासणीत एकूण २२ कंपन्यांच्या शिशु पावडरमध्ये तोच पदार्थ मिळाला. वर्ष संपण्याआधी सानलूचं दिवाळं निघालं.

मेलामाइनच का, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथेही गोष्ट मापनाचीच आहे. दुधातलं प्रथिन नेहमीच्या चाचणीत थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.३८ने गुणतात. मेलामाइनच्या वजनात सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या दुधात एक ग्रॅम मेलामाइन टाकलं की चाचणीला सव्वाचार ग्रॅम प्रथिन ‘दिसतं’. चाचणी खोटं बोलली नाही, तिने नायट्रोजन बरोबर मोजला. प्रथिन हा आपला तर्क होता.

यानंतर मुख्य भूमीतल्या आईबापांनी परदेशी डब्याचा ध्यास घेतला, आणि परदेशी डबा सगळ्यात जवळ मिळायचा तो हाँगकाँगमध्ये. तिथलं दुकान भरवशाचं, माल अस्सल. प्रवासही सोपा होत गेला होता. २००३पासून मुख्य भूमीतल्या ठरावीक शहरांतल्या लोकांना वैयक्तिक भेटीचे परवाने मिळू लागले होते आणि एप्रिल २००९पासून सीमेला लागून असलेल्या शेन्झेन शहराच्या कायम रहिवाशांना एकाच परवान्यावर कितीही वेळा ये-जा करता येऊ लागली. सकाळी येऊन दुपारी परत जाणाऱ्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. रेल्वे स्थानकाबाहेर खोकी फोडायची, डबे ट्रॉलीत भरायचे, चाळीसेक मिनिटांत लो वूची सीमा ओलांडायची.

याच काळात भाजकही हलत होता, आणि तोही फसवा. हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयाने २००१ मध्ये ठरवलं की तिथे जन्मलेल्या चिनी नागरिकाच्या मुलाला, आईबाप रहिवासी नसले तरी, राहण्याचा हक्क आहे. त्यानंतर मुख्य भूमीतल्या गरोदर बायका प्रसूतीसाठी येऊ लागल्या. २००३ मध्ये शहरात सुमारे ४७ हजार जन्म नोंदले गेले होते, २०११ मध्ये सुमारे ९५ हजार. त्यांतले ४४ हजारांच्या आसपास मुख्य भूमीतल्या आयांचे. यांतली पुष्कळ बाळं जन्मदाखला घेऊन घरी परत गेली. २०१३च्या सुरुवातीपासून आईबाप दोघंही हाँगकाँगचे नसतील तर प्रसूतीला जागा नाही असं ठरलं आणि त्या वर्षी जन्म ५७ हजारांवर उतरले. लोकसंख्या या सगळ्यात ६७ लाखांवरून ७१-७२ लाखांपर्यंत सरकली, बस. म्हणजे लोकसंख्येने भागा किंवा नोंदलेल्या जन्मांनी भागा, शहरात खरोखर दूध पिणारी बाळं किती हे दोन्हींतून कळत नाही.

आणि एक विसंगती. हाँगकाँगच्या आरोग्य विभागाच्या आकड्यांनुसार रुग्णालयातून घरी जाताना निदान काही प्रमाणात स्तनपान सुरू असलेल्या बाळांचं प्रमाण १९९२ मध्ये १९ टक्के होतं, ते २०१२च्या सुमारास ८५ टक्क्यांच्या घरात गेलं. अर्थात पुढे चार-सहा महिने फक्त आईचंच दूध पिणारी बाळं यांतली थोडीच. तरी कल स्पष्ट होता. स्तनपान वाढतंय आणि डब्यांची आयातही वाढतेय, असं दोन्ही एकाच शहराबद्दल खरं असेल तर डबे त्या शहरातच फुटताहेत हे गृहीतक तपासायला हवं.

छताचा हिशेब

अशा वेळी मी आधी छत काढतो: काहीही झालं तरी इथली बाळं जास्तीत जास्त किती पावडर संपवू शकतील? याला कुठलाही सर्वेक्षण अहवाल लागत नाही.

तान्ह्या बाळाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. सहा किलोचं बाळ म्हणजे ९०० मिली. शंभर मिली दुधाला तेरा-चौदा ग्रॅम पावडर, म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत. ९०० ग्रॅमचा डबा सात-आठ दिवस पुरतो. वर्षाला ४० किलो धरले तरी हात सैल सोडल्यासारखं होतं, कारण सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज अर्धा लिटर धरला तर वर्षाला २५ किलो.

आता २०१०, २०११ आणि २०१२ या तीन वर्षांतले सगळे जन्म मिळून सुमारे पावणेतीन लाख. समजा एकही बाळ शहराबाहेर गेलं नाही. समजा एकाही आईने एक थेंबही अंगावर पाजलं नाही. समजा तिसऱ्या वर्षापर्यंत सगळी मुलं डब्यावरच आहेत. पहिल्या वर्षातल्या ९२ हजारांना ४० किलो आणि मोठ्या एक लाख ८३ हजारांना २५ किलो. बेरीज सव्वाआठ हजार टनांच्या आसपास. ७१ लाखांनी भागलं तर दरडोई १.२ किलोच्या आत. खरा आकडा याच्या निम्म्यानेही नसावा, कारण तिन्ही ‘समजा’ खोटे आहेत. पण छताचं काम तेवढंच असतं: पुरवठ्याची ओळ ज्या वर्षी त्याच्या वर जाते, त्या वर्षी ती बाळांच्या खाण्याची ओळ राहिलेली नसते.

दुसऱ्या बाजूने गळती मोजू. २०१३च्या फेब्रुवारीत सीमेकडच्या गाडीत सामानाची मर्यादा २३ किलोवर आणली गेली. तेवढ्यात पत्र्याच्या वजनासकट वीसेक डबे बसतात, म्हणजे १८ किलो पावडर. एका खेपेत एका तान्ह्या बाळाची पाच महिन्यांची बेगमी. असे फक्त एक हजार लोक दिवसाला एकच खेप करतात आणि वर्षाचे ३०० दिवस करतात असं मानू. ५,४०० टन. छताच्या दोन तृतीयांश! आणि यातला एकही किलो निर्यातीच्या खात्यात नाही. हाँगकाँगमध्ये व्यापारी मालाचं आयात-निर्यात विवरण चौदा दिवसांच्या आत भरावं लागतं, प्रवाशाच्या वैयक्तिक सामानाला ते लागू नाही. कंटेनरने शेन्झेनला गेलेला माल पुनर्निर्यात म्हणून वजा होतो, ट्रॉलीने गेलेला वजा होत नाही. कागदावर तो हाँगकाँगच्या कुणीतरी प्यायला.

म्हणूनच २०१३ मध्ये पालक आणि सरकार एकमेकांशी बोलत असूनही दोघांचे मुद्दे जुळत नव्हते. एकूण माल गरजेपुरता येतो आहे, साखळीत अडथळा आहे, हे अधिकाऱ्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आयातीचा आकडा हातात घेऊन दुसरं काही म्हणताच आलं नसतं.

दोन डब्यांचा कायदा

१ मार्च २०१३पासून नियम आला. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची पावडर परवान्याशिवाय बाहेर नेता येणार नाही. मुख्य सूट अशी: सोळा वा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला १.८ किलोपर्यंत, म्हणजे ९०० ग्रॅमचे दोन डबे, तेही आधीच्या २४ तासांत ती सीमेबाहेर गेलेली नसेल तरच. मोडला तर पाच लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. दुधाच्या डब्याला अशी शिक्षा, यावर जगभर थट्टा झाली. खरं तर हा व्यापारावरचा निर्बंध होता तसाच, नकळत, आकडेवारीची दुरुस्तीही होता: मोठ्या खेपा आता परवान्यातून, म्हणजे नोंदीतून जाणार.

दुरुस्ती अर्धीच झाली. २०१३ मध्ये मुख्य भूमीतून हाँगकाँगला ४ कोटी ७ लाख भेटी नोंदल्या गेल्या. त्यांतल्या दहातल्या एकाने कायद्यात बसणारे दोन डबे नेले असं धरा. हे माझं गृहीतक आहे, कमी-जास्त करून पाहायला हरकत नाही. होतात ७,३०० टन. आपलं छत होतं सव्वाआठ हजारांचं. पूर्णपणे कायदेशीर, कुठल्याही गुन्ह्याविना झालेली, नोंद नसलेली निर्यात स्थानिक कमाल खपाच्या जवळ जाऊन पोहोचते. मोठी चोरी पकडली म्हणून ताळेबंद शुद्ध झाला, असं समजणारा विश्लेषक इथे घसरतो. एप्रिल २०१५ मध्ये शेन्झेनकरांच्या अमर्याद भेटी आठवड्याला एकवर आल्या, तेव्हा रोजच्या खेपा करणाऱ्यांचं गणित अधिक बिघडलं.

दरम्यान तेच लोण इतरत्र गेलं होतं. २०१३च्या वसंतात ब्रिटनच्या सुपरमार्केटांनी गिऱ्हाइकामागे दोन डब्यांचं बंधन घातलं, ऑस्ट्रेलियात फळ्या रिकाम्या करून टपालाने चीनला डबे पाठवणाऱ्यांचा धंदा फोफावला. म्हणजे त्या देशांच्या ‘घरगुती पुरवठ्यात’ही चिनी बाळांचं दूध मिसळलेलं आहे. प्रमाण हाँगकाँगइतकं नाही म्हणून ते डोळ्यांत येत नाही, इतकंच.

मालिकेतला सांधा

वर्षानुवर्षांची तुलना करणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा सापळा पुढे आहे. एफएओच्या ताळेबंदांची जुनी पद्धत २०१३ला थांबते. नवी पद्धत आधी २०१४पासून लागू झाली, मग मागे नेऊन २०१०पासूनचे आकडे तिच्यानुसार पुन्हा काढले गेले. साठ्याचा अंदाज, ताळा जुळवण्याची रीत, लोकसंख्येचे आकडे, सगळं थोडंथोडं बदललं. पर्यटकांनी खाल्लेल्या अन्नाचा आणि न जुळणाऱ्या बाकीचा रकाना आता वेगळा दिसतो. तो पर्यटकांचा रकाना हॉटेलातल्या जेवणासाठी ठीक आहे, पिशवीत घालून नेलेल्या डब्यासाठी नाही.

आता योगायोग पाहा. हाँगकाँगचा कायदा मार्च २०१३चा, जन्मसंख्येची घसरण २०१३ची, जुन्या मालिकेचं शेवटचं वर्ष २०१३. कुणी दोन्ही मालिका सलग जोडून आलेख काढला आणि त्या जागी पायरी दिसली, तर तिचं श्रेय कायद्याला देण्याचा मोह अनावर होईल. तिघांपैकी कुणाचा वाटा किती, हे त्या एका रेषेतून निघत नाही. निदान २०१० ते २०१३ ही चार वर्षं दोन्ही पद्धतींत उपलब्ध आहेत, तेवढी शेजारी ठेवून फरक पाहिल्याशिवाय मी तो आलेख कुणापुढे ठेवणार नाही.

एक पळवाट आहे, पण ती एका प्रश्नापुरतीच. एफएओच्या यादीत ‘चीन’ ही नोंद मुख्य भूमी, हाँगकाँग, मकाव आणि तैवान यांची बेरीज असते, आणि ‘चीन, मुख्य भूमी’ ही वेगळी. हाँगकाँगहून शेन्झेनला गेलेला डबा मुख्य भूमीच्या आयातीत नाही, त्यामुळे तिचा पुरवठा खोटा कमी दिसतो आणि हाँगकाँगचा खोटा जास्त. बेरजेत दोन्ही चुका एकमेकींना खातात. एकूण चिनी बाळांना किती पावडर मिळाली, एवढंच विचारायचं असेल तर बेरीज वापरावी. पण तिथेही भाजक जन्मांचा घ्यावा: मुख्य भूमीत २०१६ मध्ये १ कोटी ७८ लाख जन्म झाले आणि २०२२ मध्ये ९५ लाख. दरडोई पुरवठा घसरला म्हणून बाळांचं दूध तुटलं असा निष्कर्ष काढण्याआधी ही जोडी समोर हवी.

सीमा बंद झाली तेव्हा

फेब्रुवारी २०२०च्या सुरुवातीला हाँगकाँगने बहुतेक सीमा चौक्या बंद केल्या. खुल्या व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं. ट्रॉल्यांची वाट जवळपास तीन वर्षं बंद. हाँगकाँगच्या बाळांनी दूध पिणं सोडलेलं नव्हतं, पण २०२० मध्ये डॅनोन आणि ए-टू मिल्क या कंपन्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की सीमेपलीकडून जाणारी विक्री आणि ऑस्ट्रेलियातल्या टपाल-खरेदीदारांची वाट बसल्याने त्यांच्या शिशु पावडरच्या धंद्याला फटका बसला. पुरवठ्याच्या ओळीत कुणाचं खाणं मोजलं जात होतं, याचा इतका सरळ पुरावा आकडेवारीत क्वचित मिळतो.

सीमा पुन्हा खुली झाली तेव्हा दोन्ही बाजू बदलल्या होत्या. मुख्य भूमीत फेहेसारखे देशी ब्रँड बाजारात पुढे आले होते, त्यामुळे दहातला एक प्रवासी दोन डबे नेतो हे गृहीतक आता बहुधा फार मोठं आहे. पण छतही खाली आलं आहे. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत हाँगकाँगमध्ये मिळून लाखभरच जन्म झाले. त्याच सैल हाताने हिशेब केला तर कमाल खप ३,१०० टनांच्या आसपास, दरडोई ४०० ग्रॅमच्या किंचित वर. २०२४ मध्ये मुख्य भूमीतून भेटी झाल्या सुमारे ३ कोटी ४० लाख. दहातल्या एकाऐवजी वीसातल्या एकाने दोन डबे नेले तरी तीन हजार टन होतात.